फांगशंग पुलाखालचे दोन मासे



परदेशप्रवासाची वर्णने या सदरात मी सहसा लिहीत नाही. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे आता सिंगापूर, दुबई, युरोप करून येतात. कोणी कोणाला काय ऐकवावे, असा प्रश्न आहे. परंतु चीनमधील एका पुलाविषयी लिहावयाचे गेली सहा वर्षे राहून गेले आहे. राहून गेले म्हणण्यापेक्षा मी ते टाळले, हे अधिक खरे. येत्या रविवारी मोर्शीच्या आमच्या मंदिरात पर्युषणापूर्वीची बैठक आहे. विषयपत्रिकेवर जीवदया निधी आहे आणि त्या निधीचा हिशेब माझ्याकडे आहे. तेव्हा आता टाळून चालणार नाही.

गोष्ट २०१९ च्या मार्चअखेरची. बँकेतून निवृत्त होऊन मला वर्षही झाले नव्हते. मुलाने आग्रहाने आम्हा उभयतांची नावे एका जैन सहलीत नोंदवली. सिंगापूरहून निघालेले जहाज हाँगकाँगमार्गे शांघायला जाणार होते. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेले भोजन सूर्यास्तापूर्वी मिळेल, अशी लेखी हमी होती आणि ती पाळली गेली. जहाजावरील दिवसांविषयी इतकेच पुरे की समुद्र शांत होता आणि आमच्या मंडळींना पत्ते व भोजन यांवाचून दुसरा उद्योग नव्हता.

जहाज बंदरास लागले की प्रवाशांना उतरवून दिवसभराच्या सहलीस नेतात. कोणती सहल घ्यावयाची, ते आदल्या रात्री सांगावे लागते. आमच्यापुढे तीन पर्याय होते : शांघायमधील उंच इमारती, रेशमाचा कारखाना आणि नदीकाठचे एक जुने गाव. रेशमाचे नाव निघताच आमच्या गटातील महिलांनी एकमुखाने नकार दिला. कोशातील किड्याचे काय होते, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. इमारती मुंबईत पाहिल्या होत्या. उरले गाव.

शांघायचे वुसोंगखौ हे प्रवासी बंदर ह्वांगफू नदी यांगत्सेला मिळते तेथे आहे. सकाळी डेकवर आलो तर चहूकडे गढूळ पाणी, आणि पलीकडचा काठ दिसेना. आपल्या वर्धेचा पूर पाहिलेल्या माणसालाही ही नदी आहे, यावर पटकन विश्वास बसत नाही. तेथून बसने सुमारे दीड तासावर, शांघायच्या पश्चिमेस छिंगफू भागात, झूजियाजियाओ हे गाव आहे. वाटेत मोहरीवर्गीय पिकाची पिवळी शेते होती. हवेत गारवा होता. मोर्शीत त्या दिवसांत संत्र्याच्या बागांना पाणी पुरवता पुरवता शेतकऱ्याच्या नाकी नऊ आलेले असतात.

आमची मार्गदर्शक एक तरुण मुलगी होती. हातात पिवळा झेंडा आणि प्रत्येकाच्या कानात तिचा आवाज पोहोचवणारे छोटे यंत्र. तिने सुरुवातीलाच वेळापत्रक सांगितले : गावात दोन तास, त्यानंतर भोजन, त्यानंतर अर्धा तास खरेदी, बारा वाजता मोठ्या पुलाच्या पायथ्याशी जमावे. चाळीस माणसे एका झेंड्यामागे चालली की गाव दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. तरीही गाव सुरेख होते, हे मान्य केले पाहिजे. मिंग आणि छिंग राजवटींत हे तांदूळ व सुती कापडाच्या व्यापाराचे केंद्र होते. घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. माल होडीतून थेट दुकानात जात असे. तीन डझन लहानमोठे दगडी पूल आहेत. आपल्याकडे कौंडिण्यपूर हेही नदीकाठचे पुरातन गाव, परंतु वऱ्हाडातील नद्या उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे आपला व्यापार बैलगाडीवर चालला आणि गावांनी तोंड रस्त्याकडे केले. छिंग काळातील टपालकचेरीही तेथे जपली आहे. मी आत शिरलो होतो. झेंडा पुढे गेला म्हणून सौ.नी मला ओढून बाहेर काढले. ड्राफ्ट आणि टपालाने पैसे पाठवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला तेथे अर्धा तास तरी द्यावयास हवा होता.

आणि मग तो पूल आला. त्साओगांग नदीवर पाच कमानींचा, मध्ये उंच व दोन्ही बाजूंस उतरत गेलेला, सुमारे सत्तर मीटर लांब. वर दगडी सिंह आहेत. १५७१ मध्ये एका बौद्ध भिक्षूने वर्गणी गोळा करून तो बांधला. आजची बांधणी १८१२ ची. नाव ‘फांगशंग’. मुलीने कानातून अर्थ सांगितला : फांग म्हणजे सोडणे, शंग म्हणजे जीव. जीव सोडवण्याचा पूल.

आमचा सगळा गट जागीच थबकला. चार दिवस जे ताटात काय आहे एवढेच विचारीत होते, ते आता प्रश्न विचारू लागले. कोणाचे जीव? कोण सोडवितो? तिने सांगितले ते असे. पूल बांधणाऱ्या शिंगछाओ या भिक्षूने नियम घातला होता की या पुलाखाली मासे सोडावेत, धरू नयेत. त्यावरूनच नाव पडले. चीनमधील बौद्ध परंपरेत ही प्रथा फार जुनी आहे. तांग सम्राट सू-त्सुंग याने इ. स. ७५९ मध्ये राज्यात ८१ ठिकाणी जीव सोडण्याची तळी ठरवून दिली होती. हे मी नंतर वाचले. त्या वेळी मनात एवढेच आले की आपल्या अभयदानाला इतक्या दूर सख्खे भावंड आहे. घरी आल्यावर आणखी एक योग लक्षात आला. १५७१ हेच अकबराच्या फतेहपूर सिक्रीच्या उभारणीचे वर्ष मानतात, आणि पुढे १५८३ च्या सुमारास तेथेच श्वेतांबर परंपरेतील आचार्य हीरविजयसूरींनी बादशहाकडून पिंजऱ्यांतील पक्ष्यांची मुक्तता व पर्युषणात हत्याबंदी मिळवली. दोन देश, दोन साधू, एकाच पिढीतले. एकमेकांचे नावही त्यांना ठाऊक नसावे.

पुलाच्या पायथ्याशी म्हाताऱ्या बायका प्लॅस्टिकची घमेली घेऊन बसल्या होत्या. घमेल्यात लाल-केशरी लहान मासे. पाण्याच्या पिशवीत दोन मासे बांधून त्या हातात देत. आमच्या गटातील जवळजवळ प्रत्येकाने पिशवी घेतली. सौ.नी दहा युआन दिले, म्हणजे तेव्हाचे शंभरेक रुपये. पायऱ्या उतरून त्या पाण्यापाशी गेल्या, डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला आणि पिशवी हळूच पाण्यात सोडली. क्षणभर केशरी रेघ दिसली आणि गढूळ पाण्यात मिटली. वर आल्या तेव्हा डोळे ओले होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना इतके प्रसन्न मी मोजक्याच वेळा पाहिले आहे.

त्यानंतर गट पूल चढून पलीकडे गेला. मी मागे रेंगाळलो, टपालकचेरीची आस सुटली नव्हती. पुलाच्या मध्यावरून सहज खाली पाहिले तर प्रवाहाच्या अंगाला थोड्या अंतरावर एक माणूस होडीत उभा होता. हातात लांब दांड्याची जाळी. तो घाईत नव्हता. पाण्यातून जाळी काढी, होडीतील बादलीत उलटी करी. केशरी रंग मला पुलावरून स्पष्ट दिसला. थोड्या वेळाने होडी काठाला लागली आणि बादली एका बाईच्या घमेल्यात रिकामी झाली.

मी बँकेत होतो. एकच रक्कम दोन खात्यांतून फिरवून उलाढाल दाखवण्याचा प्रकार ओळखावयास मला वेळ लागत नाही. पण मी सौ.ना काही सांगितले नाही. गटातील कोणालाही नाही.

भोजनाच्या वेळी एक गंमत झाली, तीही नोंदवतो. आमच्यासाठी बौद्ध मठांत जेवतात तसले शाकाहारी जेवण मागवले होते. मुलगी म्हणाली, यात कांदा-लसूण नाही; आमच्या भिक्षूंना चालत नाही. टाळ्या पडल्या. मग पहिलेच ताट आले, त्यात कमळाच्या देठाच्या जाळीदार चकत्या. हे तर चिखलातले कंद! तिला बिचारीला कळेना की कांदा न खाणारे लोक हेही का खात नाहीत. आम्ही भात, पालेभाजी आणि सौ.नी डब्यात आणलेल्या दशम्या खाल्ल्या. जवळच्या टेबलावर गवताने बांधलेल्या मांसाचे तुकडे होते. ते या गावाचे प्रसिद्ध पक्वान्न. जीव सोडवण्याच्या पुलापासून शंभर पावलांवर. यावर हसणाऱ्यांत मी नव्हतो, कारण मला आमच्या आठवडी बाजाराची आठवण झाली होती.

सौ.नी ते दोन मासे मोर्शीत आणले म्हटले तरी चालेल. महिला मंडळात, नातेवाइकांत, मुक्तागिरीच्या यात्रेत, सर्वत्र चीनच्या त्या पुलाची कथा झाली. प्रत्येक वेळी मी शेजारी बसून मान हलवली.

पुढे काही वर्षांनी ‘लिएझी’ या प्राचीन चिनी ग्रंथातील एक गोष्ट वाचनात आली. झाओ घराण्याचा च्येन हा सरदार, भगवान महावीरांच्या काळाशी जवळचा. नववर्षाच्या सकाळी प्रजा त्याला कबुतरे भेट देत असे. तो त्यांना बक्षीस देई आणि कबुतरे सोडून देई. पाहुण्याने कारण विचारले. सरदार म्हणाला, सणाच्या दिवशी जीव सोडवणे हे दयेचे लक्षण. पाहुण्याने उत्तर दिले की आपण सोडवता हे कळल्यामुळेच लोक चढाओढीने पकडतात, आणि पकडताना कितीतरी मरतात. त्यांना जगवायचेच असेल तर पकडण्यास बंदी करा. धरून सोडल्याने झालेली हानी भरून निघत नाही. सरदाराने ते मानले, असे ग्रंथ म्हणतो. म्हणजे बादलीतून घमेल्यात चाललेला तो व्यवहार चिनी विचारवंतांनी पूल बांधण्याच्या कितीतरी शतके आधी ओळखला होता. शिंगछाओ भिक्षूनेही बहुधा तो ओळखला असावा; कारण त्याचा नियम खरेदीचा नव्हता, पुलाखाली जाळे टाकू नका असा होता. हीरविजयसूरींनीही बादशहाकडे मासे विकत घेण्यासाठी निधी मागितला नाही. तेथील मोठ्या तलावातील मासेमारी बंद करण्याची मागणी केली.

आता आमच्या निधीकडे येतो. दरवर्षी पर्युषणाच्या तोंडावर मंडळ आठवडी बाजारातून काही बोकड विकत घेऊन सोडवते. मी हिशेब हाती घेतला तेव्हा पाच घेतले जात. गेल्या वर्षी अकरा घेतले. मागील वह्या काढून पाहिल्या. त्या आठवड्यातील आमची खरेदीची किंमत आणि एरवीचा बाजारभाव यांतील अंतर दरवर्षी वाढत गेलेले आहे. गेल्या वर्षी बाजारात गेलो तर व्यापारी हसून म्हणाला, “या शेठजी, तुमच्याचसाठी आठ दिवसांपासून बांधून ठेवले जी.” तो लबाड होता असे मी म्हणणार नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेला ग्राहक, भावाची घासाघीस न करता येणार असेल तर कोणताही व्यापारी माल वाढवील. आमच्या पैशातून तो आणखी बोकड आणतो, हे समजण्यास एम. कॉम. व्हावे लागत नाही.

येथे आपल्या शास्त्रातील एक बारीक प्रश्न उभा राहतो. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास अनुमोदन देणे, कृत, कारित आणि अनुमोदना, या तिन्हींचा दोष आपण मानतो. खाटकाचे दुकान मी चालवीत नाही. पण माझी मागणी कोणाला तरी आणखी एक बोकड बांधून ठेवण्यास प्रवृत्त करीत असेल तर ते कारितात येते की नाही? त्यागी मंडळींसमोर मी हा प्रश्न ठेवला आहे. उत्तर देताना एक महाराज म्हणाले, भाव पहावा. भाव निर्मळ होता, यात मला शंका नाही. परंतु दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, परिणाम डोळ्यांसमोर असतानाही तोच भाव निर्मळ राहतो का, हे मी माझ्यापुरते ठरवू शकलेलो नाही.

यापेक्षाही मला बोचणारी गोष्ट वेगळी आहे. सोडवलेले बोकड आम्ही जवळच्या खेड्यातील एका शेतकऱ्याकडे ठेवतो. आणून सोडले, प्रभावना झाली, छायाचित्र निघाले, की मंडळाचे काम संपते. गेल्या मे महिन्यात मी सहज तेथे गेलो. अकरांपैकी चार दिसले. बाकीचे मेले, असे उत्तर मिळाले. मी पुढे विचारले नाही. त्या चारांच्या फासळ्या मोजता येत होत्या. शेतकऱ्याचाही दोष काय? कुटार आणि कडब्याचे भाव त्याच्या स्वतःच्या बैलांना परवडत नव्हते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जीवाचे खाणेपिणे तोडणे. आपण तो प्रवचनात ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर दुसरा कोणी तरी निर्दय माणूस असतो.

मुंबईची पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लागा बसवून घेतला होता. म्हणजे जनावर आणण्याच्या खर्चाआधी ते जगवण्याच्या उत्पन्नाचा विचार झाला. आमच्या वहीत खरेदीचे शीर्ष आहे. पालनपोषणाचे शीर्षच नाही. हे मी कबूल करतो, कारण वही मीच लिहितो.

मुक्तागिरी आपल्या सर्वांना जवळची. तिला मेंढागिरीही म्हणतात, ती ज्या कथेवरून, ती आपण लहानपणापासून ऐकली आहे : ध्यानस्थ मुनींसमोर कड्यावरून एक मेंढा कोसळला, मुनींनी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव देवगतीस गेला. त्या कथेत पैसा कोठेच नाही. नेमिनाथ भगवंतांच्या कथेतही नाही. वरातीच्या वाटेवर मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून त्यांनी रथ फिरवला. पशूंना मोकळे केले आणि मेजवानीचे कारण जे आपले लग्न, तेच रद्द केले. नुसते पशू सोडवून वरात पुढे नेली असती तर दुसऱ्या दिवशी दुसरे पशू कोंडले गेले असते. मला हे आता या वयात, एका परक्या गावातील पुलावर उभे राहिल्यामुळे, कळले याची थोडी लाज वाटते.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी सौ.ना वाचावयास दिला. सहा वर्षांचे मौन छापील कागदावर त्यांना भेटू नये, असे वाटले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला. होडीचा मजकूर आला तेथे थांबल्या आणि म्हणाल्या, “मला दिसला होता तो माणूस. मासे घेण्याआधीच दिसला होता.”

मी विचारले, मग घेतले कशाला?

“पिशवीतला एक मासा आडवा झाला होता. तिथं उभं राहून मी काय विचार करत बसणार होते?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. लेखातील एक शब्दही बदलू नका, असे मात्र त्यांनी सांगितले.

रविवारी मी बैठकीत पुढील प्रस्ताव मांडणार आहे. यंदा बाजारातून खरेदी करू नये. आहेत त्या चार बोकडांसाठी वर्षभराचे कुटार सोयाबीन निघताच, भाव कमी असताना, घेऊन ठेवावे. पशुवैद्यकीय औषधांसाठी व उन्हाळ्यात गावाबाहेरील दोन पाण्याच्या हौदांसाठी रक्कम राखून ठेवावी. जखमी वा टाकून दिलेले जनावर आले तर त्याला जागा असावी. पोपट, मुनिया वगैरे पक्षी विकत घेऊन उडवण्याची प्रथा आपल्या काही गावांत आहे. आपल्या देशातील वन्य पक्ष्यांचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे, तेव्हा ती खरेदी तर कोणीच करू नये. विरोध होणार, याची मला कल्पना आहे. काही वडीलधाऱ्या व्यक्ती दरवर्षी एका बोकडाचे पैसे देतात आणि त्या दिवशी त्याच्या कपाळाला हात लावून जातात. त्यांना वहीतील शीर्षे समजावून सांगणे सोपे नाही.

सौ.नी काल नेहमीप्रमाणे पाकीट दिले. वर लिहिले आहे, ‘एका जिवासाठी’. आत अकराशे रुपये आहेत. ते कोणत्या शीर्षाखाली जमा करावयाचे, हे मी अजून वहीत लिहिलेले नाही, बैठकीनंतर लिहीन.